रिकाम्या खणाची हजेरी

दि. ११ एप्रिल २००३. सकाळी १०. शिरूर केंद्र.
वरचं कार्ड: चालू. खालचं कार्ड: तयार. सही.

दहाच्या ठोक्याला दौंडहून शेखलालमामांचा फोन यायचा. रामराम नाही, सलाम नाही. सरळ विचारायचे, थोरलं? माया सांगायची, राबतंय. धाकटं? बसलंय. मग तिनं विचारायचं आणि त्यांनी तेच सांगायचं. फोन खाली. तीन वर्षं झाली, यात एका शब्दाचा फरक पडला नव्हता.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर बी-बियाण्यांचं दुकान होतं. त्याच्या माडीवर कंपनीची खोली. खोलीत माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट आणि कपाटात राउटर. बँकांचं, रांजणगावच्या कारखान्यांचं, साखर कारखान्याचं सगळं संगणकी बोलणं या एका खोक्यातून दौंडला जायचं आणि तिथून पुढं. खोक्याच्या पोटात एकाखाली एक असे दोन खण, आणि प्रत्येकात एक कार्ड. वरचं काम करायचं. खालचं काहीच करायचं नाही. ते नुसतं वरच्याकडं कान लावून बसायचं. वरचं कार्ड क्षणाक्षणाला ‘मी आहे, मी आहे’ असं कळवत राहतं. ते कळवणं थांबलं की खालचं उठतं आणि त्याची जागा घेतं, तेही इतक्या गुपचूप, की बँकेतल्या कारकुनाला पत्ता लागत नाही. कंपनीच्या पुस्तकात दोघांना इंग्रजी नावं होती. या लायनीवरच्या माणसांनी त्यांचं थोरलं आणि धाकटं करून टाकलं होतं.

माया ओव्हाळ मांडवगण फराट्याची. पंचविशीतली. डिप्लोमा झाल्या झाल्या इथं कॉन्ट्रॅक्टवर लागली आणि आता जूनमध्ये परमनंटचा कागद निघायचा होता. या एका शब्दाचं वजन ओव्हाळांच्या घरात इतरांपेक्षा जास्त होतं. तिचे आबा, म्हाळू ओव्हाळ, साखर कारखान्यात अठरा वर्षं बदली कामगार होते. बदलीवाल्यानं पहाटे गेटाबाहेर उकिडवं बसायचं. आत कुणी गैरहजर असला तरच मुकादम हाक मारणार. आणि मुकादमाच्या मर्जीतला माणूस घरी झोपलेला असला, तरी त्याच्या नावापुढं हजेरी लागायची. मग बदलीवाल्यानं दिवसभर बसून घरी यायचं. आबांनी माया लहान असताना तिला एकच धडा दिला होता, आणि तोही मार देऊन. शाळेत मैत्रिणीच्या नावाला तिनं ‘हजर’ म्हटलं होतं म्हणून.

असो. कपाटाकडं येऊ.

दि. १५ एप्रिल. सकाळी १०.
वरचं: चालू. खालचं: तयार.
दुपारी १२.४०. खालचं कार्ड काढून नगरला रवाना केलं. खण रिकामा. सही.

जयंतीच्या मिरवणुकीची नीळ अजून तिच्या हाताच्या रेषांत होती. त्याच हातांनी तिनं धाकट्याचे दोन्ही स्क्रू सोडवले. नगरच्या केंद्राचं कार्ड जळालं होतं आणि विभागाच्या दांगट साहेबांनी फोन करून शिरूरचं द्यायला सांगितलं होतं. नवीन येईल पंधरा दिवसांत, तोवर एकावर भागवा. तिनं कार्ड रुपेरी पिशवीत घातलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं, ड्रायव्हरच्या हवाली केलं.

कार्ड निघालं की कपाटानं ओरडायला हवं. लाल दिवा, शिट्टी. तसं काही झालं नाही. ते हूं की चूं करेना. शिट्टीची तार सैल झाली असेल, म्हणून तिनं ती तपासली. तार घट्ट होती.

दि. १६ एप्रिल. सकाळी १०.
वरचं: चालू.
खालचं:

इथं तिचा पेन थांबला.

तिनं रोजची कमांड दिली होती. स्क्रीनवर रोजच्याच दोन ओळी आल्या. खण शून्य, चालू. खण एक, तयार. फक्त दुसऱ्या ओळीत, जिथं कार्डाचा नंबर असतो, तिथं मोकळी जागा होती.

जुनी माहिती अडकून राहिली असेल. तिनं संगणक बंद करून चालू केला. तेच आलं. मग खुर्ची सरकवून ती कपाटासमोर गुडघ्यांवर बसली आणि खणात टॉर्च मारला. पाठीमागच्या भिंतीवर पिनांच्या दोन ओळी चमकल्या. बाकी काही नव्हतं. तिनं आत हात घातला. कपाटातल्या सगळ्या फटींतून पंख्याची गार हवा बाहेर येते. या खणात हवा हलत नव्हती. ऊब होती. नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीला असते तेवढीच.

फोन वाजला. थोरलं? राबतंय. धाकटं?

“धाकटं न्हाई, मामा. काल मीच काढून नगरला धाडलं. आन् हे कपाट म्हणतंय तयार हाय.”

 दौंडला मामांच्या मागं रेल्वेचं इंजिन डबे ठोकत होतं.

“बसलंय म्हण, पोरी,” शेखलालमामा म्हणाले. “मला इथनं बी तसंच दिसतंय. बसलंय म्हण आन् ठिव फोन.”

तिनं तसं म्हटलं नाही. मामांना रोज विचारायचे ते दोन प्रश्नही तिनं त्या दिवशी विचारले नाहीत. रजिस्टरात लिहिलं:

खालचं: खण रिकामा. स्क्रीनवर ‘तयार’ दिसतं. ते खोटं आहे. सही.

माया घाबरणारी नव्हती. तिला राग आला होता. यंत्र बिघडतं, त्यात राग येण्यासारखं काही नाही. पण हे बिघडल्यासारखं वागत नव्हतं. मुकादमासारखं वागत होतं.

गुरुवारी संध्याकाळी पाचला, निघण्याआधी तिनं वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली आणि रिकाम्या खणात पार मागच्या भिंतीपर्यंत सरकवली. उंदीर असो, वारा असो, काय असेल ते कळेल. खोलीला कुलूप लावलं. किल्ली एकच होती, आणि ती तिच्याजवळ.

शुक्रवारी पट्टी जागची हलली नव्हती. चिमट्यानं ओढून काढली, तेव्हा तिच्या मागच्या टोकाला बारीक भोकांच्या दोन ओळी पडलेल्या दिसल्या. सरळ, सारख्या अंतरावर. कार्ड खणात बसवताना शेवटी अंगठ्यांनी जोर लावून दाबावं लागतं, तेव्हा पिना आत घुसतात. मधे कागद राहिला तर त्याला अशीच भोकं पडली असती.

तिनं पट्टी डिंकानं रजिस्टरात चिकटवली. खाली तारीख घातली.

शनिवार. दौंड.

न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं ती साडेअकराला पोचली. रेल्वेच्या चाळींमागं कंपनीची खोली होती. तीन वर्षं रोज बोललेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. शेखलालमामा वाटले होते त्यापेक्षा बुटके निघाले. डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, शर्टाला इस्त्री. त्यांनी चहा मागवला, घरचं विचारलं, खुर्शिदनं, म्हणजे त्यांच्या थोरल्या लेकीनं, डब्यात दिलेली शेंगांची पोळी पुढं केली. कपाटाचा विषय मात्र टाळला. कपाटाच्या खालच्या अर्ध्या भागावर एक चौकड्यांचा टॉवेल टाकलेला होता.

मायानं विचारलंही नाही. उठली आणि टॉवेल बाजूला केला.

वरच्या खणात कार्ड. खालच्या खणात काही नाही.

“कवापासनं?”

“अठ्ठ्याण्णव साल.” मामा चष्मा पुसत होते. “वरून फोन आला, दुसरीकडं लागतंय म्हणून. दिलं. परत कोण आणून देतंय? दुसऱ्या दिवशी बघतो तर तयार. म्या म्हणलं, आपल्याला काय करायचंय. विचारलं त्यांनी तर सांगू. कुणी विचारलंच न्हाई.”

“मला रोज सांगत होता, बसलंय म्हणून.”

“बसलंयच की.” ते हळू बोलत होते, कुणी ऐकू नये अशा बेतानं, आणि कपाटाकडं पाठ करून. “दोन हजार साली थोरलं बंद पडलं. साडेतीन तास. सगळा सोलापूरकडचा कारभार त्यानंच ओढला. एक लाईन पडली न्हाई. तुला सांगतो, थोरल्यापरीस नीट चालवलं. तवापासनं म्या टॉवेल टाकलाय. मे अखेरीला नोकरीतनं सुटतोय मी. तू बी लिवू नको. परमनंट व्हायचंय ना तुला?”

माया म्हणाली, व्हायचंय. म्हणूनच लिहिणार. जिथं कुणी नाही तिथं आहे म्हणून सही करून मिळवलेली नोकरी तिच्या आबांच्या गळ्याखाली उतरली नसती, हे तिनं मामांना सांगितलं नाही. टॉवेलाची घडी केली, टेबलावर ठेवली आणि दोनची गाडी पकडली.

दि. २१. खण रिकामा.
दि. २२. खण रिकामा.
दि. २३. खण रिकामा. स्क्रीनवर ‘तयार’. आज नंबराच्या जागी मोकळी जागा नाही. तिथं

(हे वाक्य रजिस्टरात इथंच तुटलं आहे. तिथं तिनं स्क्रीनवर तिचा स्वतःचा कामगार क्रमांक वाचला होता. तिनं तो दोनदा वाचला आणि लिहायचं नाकारलं. एवढी एकच गोष्ट तिनं नोंदवली नाही.)

चोवीस तारखेला, गुरुवारी, अकराला दांगट साहेब आले. पांढरी जीप, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. एका मोठ्या बँकेला लेखी हमी हवी होती, की दर केंद्रात दोन कार्डं आहेत आणि दुसरं सदैव तयार आहे. खाली केंद्रचालकाची सही. त्याच फोल्डरात दुसरा कागद होता. तो त्यांनी काढून तिला दाखवला आणि परत आत सरकवला. तिच्या परमनंटची शिफारस होती ती.

रजिस्टर त्यांनी उभ्या उभ्या चाळलं. पट्टीपाशी थांबले.

“मॅडम, रजिस्टरात निबंध लिहायचा नसतो. स्क्रीन काय म्हणते?”

“तयार.”

“मग?”

“तुम्हीच कार्ड नगरला पाठवायला लावलंत, साहेब. खणात हात घालून बघा.”

दांगटांनी हात घातला नाही. खणाकडं बघितलंही नाही. दौंडचे शेखलाल कालच सही करून मोकळे झाले, असं म्हणाले. आज ना उद्या कार्ड येणारच आहे, असंही म्हणाले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, की तिच्यासारख्या मुलीला ही संधी पुन्हा मिळणार नाही. तिच्यासारख्या म्हणजे कशा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

तिनं सहीच्या कागदाकडं पाहिलं. मग म्हणाली, हमी द्यायची तर तपासून देऊ. तुमच्यासमोर. थोरल्याचं काम धाकट्याला देते. तिथं काही नसेल, तर एका क्षणात सगळ्या लायनी पडतील, बँकांचे फोन येतील, आणि मग तुम्ही मला काढून टाका.

तिनं कमांड दिली. दांगट तिचा हात धरेपर्यंत बोट कळीवरून उठलंही होतं.

लायनींचे हिरवे दिवे लुकलुकत होते. ते लुकलुकतच राहिले.

वरच्या कार्डाचा हिरवा दिवा पिवळा झाला.

स्क्रीनवर आलं: खण एक, चालू.

फोन वाजला नाही. खाली दुकानात कुणीतरी कपाशीच्या बियाण्याची पिशवी मागत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. दांगटांनी रुमालानं मान पुसली. म्हणाले, झालं ना? चालतंय. करा सही.

मायानं पेचकस उचलला.

दोन स्क्रू. दोन्ही अंगठे. थोरलं कार्ड हातभर बाहेर आलं आणि तिच्या मांडीवर उतरलं. गरम होतं.

आता खोक्यात एकही कार्ड नव्हतं.

हिरवे दिवे चालू होते.

शिट्टी वाजली नाही.

तिनं उभं राहून पुन्हा कमांड दिली. दोन ओळी आल्या.

खण एक, चालू.

खण शून्य, तयार.

आत्ता रिकामा केलेला खण. तिच्या बोटांना अजून त्यातल्या कार्डाची ऊब होती.

दांगट दारापर्यंत मागं सरकले होते. तिथूनच त्यांनी फोल्डर पुढं धरलं. फोल्डर त्यांनी खाली घेतलं नाही. “सही करा,” ते म्हणाले. “मॅडम, चालतंय ते. काय आहे, का आहे, ते आपण नाही बघायचं. चालतंय. सही करा.”

तिनं कागद घेतला. टेबलावर ठेवला. सहीच्या जागेवर आडवं, ठळक अक्षरात लिहिलं: दोन्ही खण रिकामे आहेत. मी पाहिलं आहे. आणि मग स्वतःचं पूर्ण नाव.

दांगटांनी ते वाचलं. म्हणाले, तुमच्या जागी माणूस मिळेल आम्हाला.

“मिळू द्या. पण माणूस असू द्या.”

थोरलं कार्ड तिनं रुपेरी पिशवीत घालून टेबलावर ठेवलं, किल्ली त्याच्यावर ठेवली आणि जिना उतरली.

मांडवगणात आबांनी सगळं ऐकून घेतलं.  शेवटी विचारलं, “सही केली न्हाईस ना?”

“न्हाई.”

“मंग जेव.”

मे महिना तिनं घरी काढला. दौंडच्या एका कारखान्यात अर्ज दिला. आबांच्या दाळिंबाला पाणी दिलं. शिरूरला ती एकदाही गेली नाही.

जूनच्या नवव्या तारखेला कंपनीचं पत्र आलं. छापील. श्रीमती माया म्हाळू ओव्हाळ यांची सेवा कायम करण्यात येत आहे. २४ एप्रिलपासून आजतागायत हजेरी अखंड, दैनंदिन नोंदी चोख, बँकेच्या हमीपत्रावर वेळेत स्वाक्षरी केल्याबद्दल विशेष अभिनंदन. उत्तर आपल्याच केंद्रामार्फत पाठवावे.

आबांनी पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. ज्या कागदासाठी ते अठरा वर्षं गेटाबाहेर बसले, तो त्यांच्या लेकीच्या हातात होता. ती ‘हो’ म्हणाली असती, तर दुसऱ्या दिवशी जाऊन खुर्चीत बसता आलं असतं. आबा काही सुचवतात का, म्हणून तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, “तू व्हतीस का तिथं?”

“न्हाई.”

“मंग तसं लिव.”

तिनं लिहिलं. मी चोवीस एप्रिलपासून कामावर नाही. मी कोणत्याही हमीपत्रावर सही केलेली नाही. माझ्या नावानं तिथं जी हजेरी लागते, ती माझी नाही. ती ताबडतोब बंद करा. पत्र तिनं रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट, शिरूर केंद्राच्या पत्त्यावर पाठवलं. घेणाऱ्याला सही करावीच लागेल. जो कुणी असेल, त्याची सही हातात येईल.

पोचपावती चौथ्या दिवशी परत आली. शिरूर पोस्टाचा शिक्का, तारीख अकरा. घेणाऱ्याच्या रेघेवर निळ्या शाईत माया ओव्हाळ.

आबांनी पावतीचं कार्ड उन्हात धरलं.

“तुझीच हाय की ही.”

“माझी न्हाई, आबा.”

“मंग करून दाव.”

तिनं आबांच्या खिशातलं शाईचं पेन घेतलं, आणि त्या सहीच्या खाली, बोटभर अंतरावर, जोर देऊन स्वतःची सही केली. दोन्ही ताडून बघितल्या. उजवीकडं झुकणारी रेघ तीच, शेवटचा फराटा तोच. हरकत नाही, ती म्हणाली. नक्कल असेल. पोलिसांत देऊ. जाऊ तालुक्याला, तिथं अक्षर ओळखणारी माणसं असतात. पुरावा म्हणून वरची एकच राहायला हवी, म्हणून तिनं आपली सही ओली आहे तोवर पुसून टाकायचं ठरवलं आणि तिच्यावरून अंगठा ओढला.

ती पुसली गेली नाही. अंगठा कोरडा निघाला.

अंगठ्याची वरची कड मात्र, ओढताना, शिरूरहून दोन दिवसांनी आलेल्या सहीला लागली होती. तिथली शाई ओली होती, आणि कार्डभर पसरली.